चार मिनिटं लवकर संपलेली परीक्षा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि अर्ध्या तासाच्या आत अकरा माणसांना इंग्रजीत नापास करण्याचा विक्रम माझ्या नावावर आहे. तेही तोंडातून एकही चुकीचा शब्द न काढता. मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तेव्हाही कुणाचा बसला नव्हता. चाळीस माणसं समोर बसली होती, त्यांतली एक सोडली तर बाकीच्यांना पत्ताही लागला नाही.

आता तुम्ही मला खोक्यातून काढून, धूळ झटकून वर्गातल्या बाकावर ठेवलंच आहे, वह्याही उघडल्या आहेत, तर नीट ऐका. मी थोडं फुगवून सांगतो, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. माझा आवाजच मोठा आहे, त्याला मी काय करणार?

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या आणि प्रत्येकीकडे एकच काम. एकीने माझ्या पोटात मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने पाच बटणं लावली. शेवटच्या बाईने टेप सरकवली, कान देऊन ऐकलं आणि नुसती मान हलवली. आयुष्यातली माझी पहिली परीक्षा ती. मी पास झालो आणि त्या आनंदात कारखान्याला सुट्टी जाहीर झाली. बरं, जेवणाची सुट्टी होती, पण झाली तर त्याच वेळी.

तिथून मी आलो एका कचेरीत. कचेरी म्हणजे जिन्याखालून वळलं की लागणाऱ्या तीन खोल्या, पण काम मोठं होतं. कुणाला नोकरीसाठी इंग्रजी शिकायचं असतं, कुणाला परदेशात गेलेल्या लेकरांकडे जायचं असतं. अशा मोठ्या माणसांसाठी निघणारी पुस्तकं आणि परीक्षा आधी या कचेरीत येत. प्रश्न सरळ आहे का, चित्र कळतं का, धडा कुणाच्या कामाचा आहे का, हे इथे तपासलं जाई. तपासणाऱ्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

चाळणीबाईंच्या हातून खडा सुटत नसे. एका पुस्तकात घोड्यावरून रपेट मारायला जाण्याचा धडा होता. बाईंनी समासात लिहिलं, की ही माणसं दोन बस बदलून कामाला जातात. बस चुकली म्हणून उशीर झाला एवढं त्यांना आधी सांगता येऊ द्या, मग घोड्याचं बघू. लेखक महाशय पंधरा दिवस फुगून बसले होते म्हणे.

ऐकण्याच्या परीक्षेसाठी बाईंची रीत आणखी वेगळी होती. प्रत्येक प्रश्नाला तीन चित्रं असत आणि माझ्यातला आवाज ऐकून त्यातलं बरोबर चित्र निवडायचं असे. नवा प्रश्न आला, की बाई मला बंद ठेवत आणि चहावाल्या मावशींना बोलावत. मावशींना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांच्यापुढे चित्रं धरून बाई विचारत, सांगा बघू, यातलं कुठलं असेल? मावशींनी काही न ऐकताच बरोबर चित्रावर बोट ठेवलं, की तो प्रश्न बाद. एकदा तीन चित्रांत तीन माणसं होती, तिघांच्या मागे खिडकीबाहेर पाऊस, आणि छत्री एकाच्याच हातात. मावशी म्हणाल्या, "यात ऐकायचंय काय? हा सोडून बाकीचे दोघं येडे आहेत." प्रश्न गेला केराच्या टोपलीत. त्या वर्षी मावशींनी असे नऊ प्रश्न मारले आणि चहाचा ट्रे ठेवताना स्वतःला परीक्षक म्हणवून घेऊ लागल्या.

मीही काही कमी नव्हतो. माझ्यात एका गृहस्थांचा भारदस्त आवाज भरलेला होता. ते म्हणत, "क्वेश्चन नंबर वन," आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे. प्रत्येक प्रश्न दोनदा, मग उत्तर लिहायला दहा सेकंद, मग पुढचा. परीक्षा चुकून पुसली जाऊ नये म्हणून बाईंनी माझ्या रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर चिकटपट्टी लावली होती. कचेरीतल्या मांजराने तर मला ऐकून ऐकून वीसपैकी अठरा गुण मिळवले होते. हसू नका. बरं, चौदा धरा. पण कचेरीतल्या कारकुनापेक्षा ते दोन जास्तच होते.

अशी बरीच वर्षं गेली. मग माझा पट्टा सैल पडला आणि माझ्यातले ते भारदस्त गृहस्थ झोपेत बरळल्यासारखे बोलू लागले. मला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे पाठवलं. काकांनी नवा पट्टा चढवला. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे, हे बघा, इथे. त्यातून पेचकस घातला की आतला स्क्रू फिरतो आणि माझी चाल कमी-जास्त होते. चाल लावायची तर हातात घड्याळ हवं आणि मोजलेली टेप हवी. परीक्षेची टेप मोहोर लावून कपाटात होती. काकांनी आपल्या आवडीचं एक गाणं लावलं. त्यांना गाणं जरा उडतं आवडायचं. ते पेचकस फिरवत गेले, फिरवत गेले आणि पाय ठेका धरू लागला तिथे थांबले. म्हणाले, आता कसा तरतरीत झाला गडी. मलाही अंगात वीस वर्षांचं बळ आल्यासारखं वाटलं. मी तिथेच फसलो.

परत आलो तेव्हा बाईंच्या टेबलावर दोनशे प्रश्नांचा ढीग होता आणि परीक्षा चार दिवसांवर आलेली. त्यांनी माझं बटण दाबलं, आवाज येतोय एवढं ऐकलं आणि यंत्र दुरुस्त असल्याच्या कागदावर सही केली. ज्या बाई एकेका प्रश्नाला सतरा वेळा चाळत, त्यांनी मला एकदाही चाळलं नाही.

परीक्षा तीन दालनांत होती आणि तिसऱ्या दालनात मी होतो. समोर चाळीस माणसं. कुणी ड्रायव्हर, कुणी स्वयंपाकी, एक बाई बाळाला बाहेर बहिणीजवळ देऊन आलेली. पहारा करायला निवृत्त मास्तर होते. त्यांच्या हातात नियमांचा कागद होता आणि तो त्यांना पाठ होता. त्यांनी मोहोर फोडली, टेप घातली, बटण दाबलं.

मित्रांनो, मी सुटलोच. माझ्यातल्या भारदस्त गृहस्थांचा आवाज बारीक झाला आणि त्यांची गाडी चुकत असावी अशा घाईने ते बोलू लागले. लिहायला दिलेले दहा सेकंद साडेआठावर आले. पुढच्या बाकावरच्या ड्रायव्हरने कपाळ पुसलं. बाळाची आई पेन्सिल चावू लागली. वाईट काय वाटतं सांगू? यंत्र चुकलं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, खरं इंग्रजी असंच असणार, आणि आपणच कच्चे.

सतरा नंबरला एक शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मोटरच्या मशीनवर बसलेल्या. तिसरा प्रश्न झाला आणि त्यांनी त्या गृहस्थांकडे लक्ष देणंच सोडलं. त्या मला ऐकू लागल्या. माझी मोटर, माझा पट्टा. त्यांनी हात वर केला आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "मास्तर, हे मशीन पळतंय. मोटर चढी लागलीय याची."

मास्तर काही वाईट माणूस नव्हते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "काकू, बोलू नका, बाद व्हाल. टेप मधे थांबवता येत नाही."

नियम तसाच होता. काकू बसल्या. पण तेवढ्यात चौथा प्रश्न निघून गेला होता.

तीस मिनिटांची टेप मी सव्वीस मिनिटांत संपवली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, आपण सुरुवात जरा लवकर केली असावी असं स्वतःशी पुटपुटले आणि पेपर गोळा केले.

निकाल लागला तेव्हा तिसऱ्या दालनातली अकरा माणसं फक्त ऐकण्यात नापास झाली होती. काकू दोन गुणांनी. त्या कचेरीत आल्या तेव्हा मी बाईंच्या मागच्या फळीवर होतो, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलेलं आहे. त्यांच्या बाहीला दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला होता. त्यांनी सांगितलं, की वाचनात पास आहे, लिहिण्यात पास आहे, ऐकण्यातच मार्क गेले, कारण तुमचं मशीन जोरात चाललं होतं.

बाईंनी वर पाहिलं. निकालानंतर रोज कुणी ना कुणी येई. कुणाचं पेन बिघडलेलं असे, कुणाला ताप आलेला. "काकू, ऐकताना सगळ्यांना असंच वाटतं," त्या समजुतीने म्हणाल्या. "सवयीचा भाग आहे. पुढच्या खेपेला होईल."

"पुढची खेप कधी?"

"सहा महिन्यांनी."

काकू जराशा हसल्या. "तोवर नातवंड पालथं पडायला लागेल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तक्रार नव्हती त्यात. गिऱ्हाइकाचं माप वाचून दाखवावं तसं सांगितलं. एकुलती एक मुलगी परदेशात. सातवा महिना लागलेला. जावई जहाजावर, दोन-दोन महिने घरी नाही. मुलीने आईला कायमचं बोलावून घेतलं होतं, अर्ज भरला होता, फक्त इंग्रजीचा दाखला जोडायचा राहिला होता आणि तो महिनाअखेरीपर्यंत पोचायला हवा होता. मुलगी फोनवर म्हणाली होती, आई, तू आलीस की मी घाबरणार नाही.

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण निकालात बदल होत नाही, असं त्यांनी सांगितलं. तेही खरं होतं.

जाताना काकूंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी पुढे होऊन माझ्या झाकणावर तळवा ठेवला, तापलेल्या मशीनवर ठेवतात तसा. म्हणाल्या, "हाच तो." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी बोललो असतो, मित्रांनो, पण माझ्यात तेव्हा टेप नव्हती.

तीन आठवड्यांनी बाई आकड्यांचा तक्ता करत बसल्या होत्या. प्रत्येक परीक्षेनंतर त्या करत. कुठला प्रश्न नीट चालला, कुठला नाही, ते त्यातून कळे. तिन्ही दालनांचे वाचनाचे गुण सारखे. लिहिण्याचेही सारखे. ऐकण्यात मात्र तिसरं दालन खाली कोसळलेलं. बाईंनी शेऱ्यात लिहिलं, "तिसऱ्या दालनातील विद्यार्थी ऐकण्यात कमजोर." मग पेन थांबलं. माणसं दालनांत नंबराप्रमाणे बसवली होती. कमजोर तेवढी वेचून कुणी एका दालनात घातली नव्हती. त्यांनी शेरा खोडला आणि उत्तरपत्रिका मागवल्या.

सतरा नंबरच्या पेपरात तळाशी, उत्तराच्या चौकटीबाहेर, आपल्या भाषेत दोन ओळी होत्या. चौकटीबाहेर काही लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारायची, असा तपासणाऱ्यांना हुकूम असतो. तशी रेघ मारलेली होती. बाईंनी रेघेखालची अक्षरं वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. "मशीन पळतंय. मी मागं राहतेय."

त्यांनी मला फळीवरून उतरवलं, परीक्षेची टेप घातली आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. सव्वीस मिनिटं. टेप उलटी गुंडाळून पुन्हा लावली. सव्वीस मिनिटं. चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"ती बाई इथं माझ्यासमोर उभी होती, मावशी," चाळणीबाई म्हणाल्या. "मी तिला सवयीचा भाग म्हटलं."

मावशींनी चहा ठेवला. महिना संपायला दोन दिवस राहिले होते.

मोठे साहेब म्हणाले, की निकाल लागून गेलाय, लोक विसरलेत, आता हे उकरून काढलं तर मागच्या सगळ्या परीक्षांकडे बोटं दाखवली जातील. बाईंनी वाद घातला नाही. नुसता एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, की यंत्र न तपासता सही मी केली, चूक माझी आहे. साहेबांनी अकरा जणांची परीक्षा पुन्हा घ्यायला परवानगी दिली आणि त्याच कागदावर, बाईंनी यापुढे कशावरही सही करू नये, असंही लिहून टाकलं. चाळणीबाईंना पुस्तकांचे गठ्ठे मोजायला बसवलं.

अकरा जणांना पत्रं गेली. दहा जणांचा होकार आला. काकूंचं पत्र "पत्ता सोडला" असा शेरा लागून परत आलं. बाई स्वतः त्या कपड्यांच्या कारखान्यात जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी मावशींना सांगितलं, की काकूंच्या मशीनवर आता दुसरीच कुणी बसते. शेजारच्या बायका म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत ती रोज पोस्टमनची वाट बघायची. अर्जाची तारीख टळली त्या दिवशी तिने संध्याकाळपर्यंत काम केलं, कात्री पुसून खणात ठेवली, खोलीचा ताबा सोडला आणि भावाकडे गेली. भाऊ कुठल्या गावी असतो ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी काकूंचा अर्ज जिथे होता त्या परदेशच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली, की चूक परीक्षेची आहे, काकूंची नाही, मुदत वाढवून द्या. उत्तर आलं नव्हतं.

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. तेच दालन, तेच मास्तर, टेबलावर मीच. माझा स्क्रू बाईंनी घड्याळ लावून तीनदा तपासला होता, सही करायचा अधिकार नव्हता तरी. दहा माणसं बसली. ड्रायव्हर आला होता, बाळाची आई आली होती. सतरा नंबरचा बाक रिकामा होता. दहा वाजता दार लावायचं, असा नियम. मास्तर उठले. दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा, मास्तर." आणि गंमत बघा, ज्यांना नियमांचा कागद पाठ होता ते मास्तर थांबले. पाच झाली. मास्तरांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि आणखी पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि मित्रांनो, आता ऐका. व्हरांड्यात पावलं वाजली. धावत येणारी. दारात काकू! तुटलेली चप्पल हातात, केस विसकटलेले, बाहीला दोरा तसाच. कारखान्यातल्या एका बाईने भावाचं गाव शोधून काढून निरोप पोचवला होता. आणि त्याच सकाळी परदेशच्या कचेरीचं पत्र आलं होतं, मुदत वाढवून मिळाली म्हणून. बाईंनी काकूंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. मास्तरांनी माझं बटण दाबलं. तसा मी जन्मात कधी वाजलो नव्हतो. एकेक शब्द मोती ओवावा तसा. काकूंनी वीसपैकी वीस गुण घेतले. जाताना माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, आता बरोबर चालतोय हा. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी त्या मुलीच्या दारात उभ्या होत्या. नात झाली. आणि ती नात बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द काय होता माहीत आहे? "क्वेश्चन नंबर वन."

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे, की यंत्र दुरुस्त करून आणलं की घड्याळ लावून तपासा, आणि एखाद्याने हात वर करून काही सांगितलं तर आधी यंत्राकडे बघा, माणसाला कच्चं ठरवण्याची घाई करू नका. चूक काय, कुणाचीही होते. वेळेवर लक्षात आली की सगळं गोड...

काय गं? मागून दुसऱ्या ओळीतली, तू. बोल ना. हातात काय आहे तुझ्या?

"तुमच्या खोक्याच्या तळाशी होता हा कागद, काका. त्या फेरपरीक्षेच्या दिवसाची हजेरी आहे. दहा सह्या आहेत. सतरा नंबरपुढे काहीच नाहीये. त्या आल्याच नव्हत्या ना?"